फुप्फुस-कार्यमापनाचा इतिहास

फुप्फुसांत किती हवा मावते, ती किती वेगाने बाहेर टाकता येते आणि तीमधील ऑक्सिजन रक्तात कितपत शिरतो, हे उपकरणांच्या साहाय्याने मोजण्याच्या पद्धतींना एकत्रितपणे फुप्फुस-कार्यमापन असे म्हणतात. दमा, चिरकारी श्वासनलिकाशोथ (श्वासनलिकांची दीर्घकालीन दाहयुक्त सूज), वातस्फीती (वायुकोशांच्या भित्ती नष्ट होऊन ते फुगणे) आणि धुळीमुळे होणारे व्यवसायजन्य विकार यांचे निदान, त्यांच्या प्रगतीचे मूल्यमापन व रुग्णाच्या अपंगत्वाची निश्चिती या तिन्ही गोष्टी आज बव्हंशी या मापनावर अवलंबून आहेत. निरोगी फुप्फुसांत राखीव कार्यक्षमता मोठी असते. त्यामुळे तिचा बराच भाग नष्ट होईपर्यंत विश्रांतीच्या वेळी मनुष्याला दम लागत नाही आणि रुग्ण वैद्याकडे येतो तेव्हा हानी पुष्कळदा भरून न येणारी झालेली असते. ही हानी लक्षणांच्या अगोदर ओळखता यावी, हा या मापनामागील मूळ हेतू होय.

या मापनाची एक अडचण मात्र प्रारंभापासून आहे. शरीराचे तापमान सर्व निरोगी माणसांत जवळजवळ सारखे असते, म्हणून तापमापकावरील आकडा स्वतंत्रपणे वाचता येतो. फुप्फुसांचे तसे नाही. तीन लिटर हवा बाहेर टाकणारी ठेंगणी वृद्ध स्त्री पूर्ण निरोगी असू शकेल. तोच आकडा उंच तरुणाच्या बाबतीत रोगाचे चिन्ह ठरेल. म्हणजे येथे प्रत्येक आकडा कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. तो कोणाशी ताडावयाचा, हा प्रश्न उपकरणाच्या रचनेपेक्षा अधिक कठीण ठरला आणि या विषयाच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासातील महत्त्वाची यशे व गंभीर चुका या दोहोंचे मूळ त्यातच आहे.

प्रारंभीचे प्रयत्न : सतराव्या शतकात इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी आल्फॉन्सो बोरेल्ली (१६०८–७९) यांनी एका श्वासात आत घेतल्या जाणाऱ्या हवेचे घनफळ मोजण्याचा प्रयत्न केला. पूर्ण उच्छ्वासानंतरही फुप्फुसांत काही हवा शिल्लक राहते. या अवशिष्ट हवेचे माप इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही (१७७८–१८२९) यांनी हायड्रोजन वायू हुंगून स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून काढले व ते १८०० मध्ये प्रसिद्ध केले. लीड्स येथील शल्यविशारद चार्ल्स टर्नर थॅक्रा (१७९५–१८३३) यांनी निरनिराळ्या धंद्यांचे आरोग्यावरील परिणाम वर्णन करणारा ग्रंथ १८३१ मध्ये लिहिला. कामगारांच्या फुप्फुसांतील हवा मोजण्याचा प्रयत्न त्यांनीही केला होता. या सर्व प्रयत्नांत उपकरणे ओबडधोबड होती आणि मोजलेल्या व्यक्तींची संख्या थोडी असल्यामुळे निरोगी माणसाचे माप कोणते, हे सांगता येत नव्हते.

हचिन्सन यांचे कार्य : ही उणीव जॉन हचिन्सन (१८११–६१) या इंग्रज वैद्यांनी भरून काढली. पाण्यात उपडी ठेवलेली व वजनांनी तोललेली घंटेच्या आकाराची टाकी, तीत हवा नेणारी नळी आणि टाकी किती वर उचलली गेली हे दाखविणारी मोजपट्टी, अशी त्यांच्या उपकरणाची रचना होती. या उपकरणाला त्यांनी स्पायरोमीटर हे नाव दिले. मराठीत त्यास श्वसनमापक म्हणतात. जास्तीत जास्त खोल श्वास घेतल्यानंतर प्रयत्नपूर्वक बाहेर टाकता येणाऱ्या एकूण हवेला त्यांनी जे नाव दिले, त्यासाठी जैव धारिता ही संज्ञा वापरली जाते. त्यांचा प्रदीर्घ निबंध १८४६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हचिन्सन यांचे वैशिष्ट्य उपकरणापेक्षा त्यांच्या पद्धतीत अधिक आहे. त्यांनी दोन हजारांहून अधिक व्यक्ती मोजल्या. त्यांत खलाशी, पोलीस, आग विझविणारे जवान, सैनिक, छापखान्यातील जुळारी, गाडीवान, मुष्टियोद्धे, अनाथगृहातील कंगाल आणि सुखवस्तू गृहस्थ असे विविध थरांतील लोक होते. बहुतेक सर्व पुरुष होते. या मापांवरून जैव धारितेचा संबंध मुख्यतः उंचीशी आहे, असा नियम त्यांनी मांडला. दर इंच उंचीमागे धारिता ८ घन इंचांनी, म्हणजे सु. १३० घ. सेंमी. ने वाढते आणि वाढत्या वयाबरोबर ती कमी होते, असे त्यांना आढळले. एखाद्या माणसाकडून किती हवेची अपेक्षा करावी, हे त्यामुळे प्रथमच आगाऊ सांगता येऊ लागले.

त्या काळी क्षय रोगाचे निदान छातीवर बोटांनी ठोकून व स्टेथॉस्कोपने ऐकून केले जात असे. या दोन्ही पद्धतींना काही जाणवण्याच्या आधीच श्वसनमापक रोगाची सूचना देऊ शकतो, असा हचिन्सन यांचा दावा होता. विमा कंपन्यांना अशा परीक्षेचे महत्त्व उघड होते आणि ते स्वतः एका आयुर्विमा कंपनीचे वैद्य होते. १८५२ मध्ये ते ऑस्ट्रेलियास गेले आणि १८६१ मध्ये फिजी बेटांवर त्यांचे निधन झाले. पुढे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधून काढला व १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर क्षयाच्या निदानासाठी श्वसनमापकाची गरज उरली नाही आणि काही दशके हे उपकरण रुग्णालयांपेक्षा शरीरक्रियाविज्ञानाच्या प्रयोगशाळांतच अधिक दिसू लागले.

वंश आणि प्रमाण मूल्ये : हचिन्सन यांच्या पद्धतीचा एक अनिष्ट उपयोग लवकरच झाला. अमेरिकेतील दक्षिणेकडील मळ्यांवर गुलामांची चिकित्सा करणारे सॅम्युएल कार्टराइट यांनी १८५० च्या सुमारास कृष्णवर्णीयांची फुप्फुसे गौरवर्णीयांपेक्षा सु. २० टक्क्यांनी कमी कार्यक्षम असतात, असे प्रतिपादन केले व त्यातून गुलामगिरीच्या समर्थनाचा युक्तिवाद उभा केला. अमेरिकन यादवी युद्धानंतर बेंजामिन गूल्ड यांनी सैनिकांच्या शारीरिक मापांचा प्रचंड संग्रह १८६९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही हाच फरक नोंदविला होता. मात्र नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांचा आहार, बालपणातील आजार, राहणी व श्रम यांचा हिशेब त्यात घेतलेला नव्हता. फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीतील सांख्यिकाने १८९६ मध्ये याच आकड्यांचा आधार घेऊन कृष्णवर्णीयांच्या जन्मजात दुर्बलतेचा सिद्धांत मांडला. अशा रीतीने सामाजिक स्थितीतून आलेला असण्याचा संभव असलेला फरक निसर्गदत्त म्हणून प्रमाण मूल्यांत शिरला आणि एकविसाव्या शतकापर्यंत तेथेच राहिला.

काळाचे मापन : जैव धारितेने फुप्फुसांचा आकार समजतो, श्वासमार्ग किती मोकळा आहे हे समजत नाही. दम्याच्या वा वातस्फीतीच्या रुग्णाला पुरेसा वेळ दिला, तर तो पुष्कळदा बरीचशी हवा बाहेर टाकू शकतो. त्याला लागणारा वेळ मात्र फार मोठा असतो. नळीतून संथपणे वाहणाऱ्या प्रवाहाच्या बाबतीत नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढाच प्रवाह राखण्यासाठी सोळापट दाब लागतो, यावरून श्वासनलिका थोड्या अरुंद झाल्याचे परिणाम किती गंभीर होतात याची कल्पना येईल. दम्यात नलिकांभोवतीचे स्नायू आकुंचित होतात व औषधाने ते सैल पडू शकतात. वातस्फीतीत फुप्फुसांची स्थितिस्थापकता नष्ट झाल्यामुळे बारीक नलिका उच्छ्वासाच्या वेळी मिटतात. हा दोष औषधाने जात नाही. (पहा : दमा, श्वसन तंत्र).

पॅरिस येथील रॉबेअर तिफनो व आंद्रे पिनेली यांनी १९४७ मध्ये या प्रश्नाचे सोपे उत्तर सुचविले. श्रमाच्या वेळी धारितेचा कितपत भाग प्रत्यक्ष उपयोगी पडतो, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. त्यासाठी खोल श्वासानंतर जोराने सोडलेल्या उच्छ्वासाच्या पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा त्यांनी मोजली. निरोगी तरुण व्यक्ती आपल्या जैव धारितेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पहिल्या सेकंदातच बाहेर टाकते. श्वासमार्गात रोध असल्यास हे गुणोत्तर घटते. उलट फुप्फुसे ताठर वा आकुंचित झालेली असल्यास दोन्ही मापे कमी होतात, पण गुणोत्तर घटत नाही. एका सेकंदाच्या या मापामुळे रोधक विकार आणि फुप्फुसांचे प्रसरण मर्यादित करणारे विकार हे दोन वर्ग एकमेकांपासून वेगळे ओळखता येऊ लागले. अमेरिकेत एडवर्ड गेन्स्लर यांनी १९५१ मध्ये अशाच कालबद्ध मापनाचा पुरस्कार केला आणि १९५७ मध्ये ब्रिटनमधील वैद्यांच्या संस्थेने या मापाची संज्ञा निश्चित केली.

इतर पद्धतींचाही विकास याच शतकात झाला. डेन्मार्कच्या मारी क्रो यांनी १९१५ मध्ये अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड हुंगवून फुप्फुसांतून रक्तात वायू शिरण्याची क्षमता मोजण्याची रीत बसविली. अमेरिकेत आर्थर डुबॉइस व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये रुग्णाला हवाबंद पेटीत बसवून अवशिष्ट हवेसह छातीतील एकूण हवा व श्वासमार्गातील रोध मोजण्याची पद्धत प्रचारात आणली. तथापि साधेपणामुळे व सहज करता येत असल्यामुळे एका सेकंदाचे मापच सर्वत्र रूढ झाले.

खाणी व कारखाने : फुप्फुस-कार्यमापन रुग्णालयाबाहेर पडले ते मुख्यतः कामगारांच्या नुकसानभरपाईच्या प्रश्नामुळे. वेल्समधील दगडी कोळशाच्या खाणींतील हजारो कामगार धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकाराने पीडित होते. कार्डिफजवळील लँडॉक येथे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४५ मध्ये या विकारासाठी स्वतंत्र संशोधन विभाग स्थापन केला व चार्ल्स फ्लेचर (१९११–९५) यांना त्याचे पहिले संचालक नेमले. क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या धुळीच्या डागांवरून कामगाराच्या अपंगत्वाचा अंदाज बांधण्याची प्रथा होती. डागांचे प्रमाण आणि प्रत्यक्ष लागणारी धाप यांचा मेळ मात्र पुष्कळदा बसत नसे. म्हणून फ्लेचर यांनी धापेची प्रतवारी ठरविणारी ठराविक प्रश्नांची पद्धत तयार केली: समवयस्कांबरोबर सपाट रस्त्यावर चालता येते काय, वाटेत थांबावे लागते काय, कपडे घालतानाही दम लागतो काय. रुग्णाच्या तोंडची तक्रार आणि यंत्रावरील आकडा या दोहोंची अशा रीतीने सांगड घातली गेली. याच विभागातील आर्चिबॉल्ड कॉक्रन (१९०९–८८) यांनी ऱ्होंडा फाख खोऱ्यातील जवळजवळ संपूर्ण लोकवस्तीची पाहणी केली. केवळ दवाखान्यात येणाऱ्यांवरून रोगाचे खरे स्वरूप कळत नाही, हा धडा त्यातून मिळाला. पाहणीच्या कामासाठी हातात धरण्याजोगे हलके उपकरण हवे होते. मार्टिन राइट यांनी उच्छ्वासाचा कमाल वेग दाखविणारे तसे उपकरण तयार केले व त्याचे वर्णन १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची स्वस्त प्लॅस्टिकची रूपे पुढे दम्याच्या रुग्णांच्या घरोघरी गेली.

कापडगिरण्यांत कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाची प्रतवारी रिचर्ड शिलिंग (१९११–९७) यांनी लँकाशरमधील कामगारांच्या पाहणीतून १९५० नंतरच्या दशकात बसविली. सुटीनंतर कामावर आल्यावर पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, हे या रोगाचे ठळक लक्षण होय. पाळीच्या आरंभी व अखेरीस एका सेकंदाचे माप घेतल्यास त्या दिवसातील घट प्रत्यक्ष दाखविता येते. येथे कामगाराची तुलना त्याच्या स्वतःशीच होत असल्यामुळे ती वादातीत ठरते.

धूम्रपानाचा परिणाम : ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात लंडनवर दाट धुरके पसरले. त्यात सु. ४,००० अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज त्या वेळी करण्यात आला. नंतरच्या अभ्यासकांनी ही संख्या सु. १२,००० पर्यंत सांगितली आहे. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. जुना खोकला व कफ असलेले लोक धुरक्याला विशेषेकरून बळी पडल्यामुळे वारंवार होणारा कफ व जंतुसंसर्ग यांमुळेच फुप्फुसे निकामी होतात, हे मत ब्रिटनमध्ये प्रबळ होते.

या मताची परीक्षा फ्लेचर यांनी केली. पश्चिम लंडनमधील नोकरी करणाऱ्या पुरुषांचे एका सेकंदाचे माप दर सहा महिन्यांनी घेण्याचे काम त्यांनी १९६१ मध्ये सुरू केले व ते आठ वर्षे चालविले. ७९२ पुरुषांच्या मापांवरून फ्लेचर व सांख्यिक रिचर्ड पीटो यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या शास्त्राच्या इतिहासात मूलभूत मानले जातात. कफ होणे आणि श्वासमार्ग रोधला जाणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. कफ हे रोधाचे कारण नव्हे. तारुण्यानंतर प्रत्येकाचेच माप दरवर्षी थोडे घटते, परंतु धूम्रपान करणाऱ्यांपैकी काहींमध्ये ही घट बरीच अधिक वेगाने होते. धूम्रपान सोडल्यास गमावलेली क्षमता परत मिळत नाही. पुढील घट मात्र धूम्रपान न करणाऱ्याच्या घटीइतकी मंदावते. पंचेचाळिसाव्या वर्षी सिगारेट सोडणारा आणि न सोडणारा यांच्या उतारत्या रेषा आलेखावर शेजारी शेजारी काढल्या, की पहिल्याची वृद्धापकाळातील हालचाल आणि दुसऱ्याचे अकाली पंगुत्व यांतील अंतर डोळ्यांना दिसते. त्यामुळे लक्षणे नसतानाही मोजणे व सोडण्याचा सल्ला देणे यांस शास्त्रीय आधार मिळाला. अमेरिका व कॅनडात ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या चाचणीने हा निष्कर्ष पक्का केला.

या चित्रात २०१५ मध्ये महत्त्वाची भर पडली. पेटर लांगे व सहकाऱ्यांनी तीन दीर्घकालीन पाहण्यांची मापे एकत्र तपासली, तेव्हा चिरकारी रोधक विकार झालेल्यांपैकी सु. निम्म्या लोकांत घटीचा वेग विशेष नव्हता. त्यांची फुप्फुसे तरुणपणीच अपेक्षेपेक्षा लहान होती, असे आढळले. म्हणजे या रोगाचा एक मार्ग धुरातून जातो व दुसरा गर्भावस्था आणि बालपण यांतील अपुऱ्या वाढीतून जातो.

भारतातील संशोधन : युरोपीय लोकांवरून काढलेली सूत्रे भारतीयांना लावल्यास निरोगी माणसेही रोगी ठरतात, हे भारतीय वैद्यांच्या लवकरच लक्षात आले. दिल्ली येथील वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेतील एस्. के. जैन व टी. जे. रामय्या यांनी निरोगी भारतीय पुरुषांची प्रमाण मूल्ये १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे निरनिराळ्या प्रदेशांतील संशोधकांनी आपापल्या भागांतील मूल्ये काढली. मुंबईतील के. ई. एम्. रुग्णालयात एस्. आर्. कामत व सहकाऱ्यांनी १९७७ पासून शहरातील कमीअधिक प्रदूषित वस्त्यांची व एका ग्रामीण भागाची तौलनिक पाहणी केली. गिरण्या व रासायनिक कारखाने यांच्या परिसरात राहणाऱ्यांच्या प्रकृतीकडे शास्त्रीय रीत्या पाहण्याचा हा भारतातील आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न होता.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथे मिथिल आयसोसायनेट वायूची गळती झाली. पीडितांच्या फुप्फुसकार्यावरील आरंभीची निरीक्षणे कामत व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. या दुर्घटनेने प्रमाण मूल्यांचे महत्त्व कठोरपणे दाखवून दिले. कारखान्याभोवतीच्या गरीब वस्त्यांतील रहिवाशांची दुर्घटनेपूर्वीची मापे उपलब्ध असणे शक्यच नव्हते. त्यामुळे वायूने नेमके किती हिरावून घेतले, हे प्रत्येकाच्या बाबतीत अपेक्षित मूल्याशी तुलना करूनच ठरवावे लागले. अपेक्षा कमी धरली, तर हानीही तेवढी कमी दिसते.

चुलीच्या धुराचा प्रश्नही भारतात विशेष महत्त्वाचा आहे. चंडीगढ येथील डी. बेहेरा व एस्. के. जिंदाल यांनी स्वयंपाकाच्या निरनिराळ्या इंधनांचा स्त्रियांच्या श्वसनावरील परिणाम अभ्यासून १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. पुण्याचे संदीप साळवी व ब्रिटिश वैद्य पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लिहिलेल्या आढाव्यात कधीही धूम्रपान न केलेल्यांतील रोधक विकाराकडे जगाचे लक्ष वेधले. लाकूडफाटा, गोवऱ्या, शेतातील व धंद्यातील धूळ, पूर्वी झालेला क्षय आणि बालपणातील श्वसनविकार ही कारणे त्यात पुढे आली. सिगारेट न ओढणाऱ्या ग्रामीण स्त्रीच्या धापेला केवळ वय वा दमा समजून सोडून देणे त्यानंतर समर्थनीय राहिले नाही.

प्रमाण मूल्यांची फेरतपासणी : अमेरिकेत कापसाच्या धुळीसंबंधी १९७८ मध्ये केलेल्या नियमांत कृष्णवर्णीय कामगारांचे अपेक्षित मूल्य ०.८५ ने गुणून काढावे, अशी तरतूद होती. हा गुणक लावल्यावर जी घट गौरवर्णीयात रोग ठरते, ती कृष्णवर्णीयात स्वाभाविक ठरते. १९९९ मध्ये बाल्टिमोर येथे ॲस्बेस्टसने पीडित कामगारांच्या दाव्यांत कृष्णवर्णीयांना भरपाईसाठी अधिक हानी दाखविण्याची अट लावावी, अशी मागणी एका उत्पादक कंपनीने केली. न्यायालयाने ती मान्य केली नाही. लंडी ब्रॉन यांनी या विषयाचा इतिहास २०१४ मधील ग्रंथात सविस्तर मांडला आहे.

निरनिराळ्या देशांतील ७४,१८७ निरोगी व्यक्तींच्या मापांवरून ३ ते ९५ वर्षे वयोगटासाठी जागतिक सूत्रे २०१२ मध्ये तयार झाली. त्यांतही लोकांचे वांशिक गट पाडलेले होते आणि भारतीय उपखंडातील मापे एकमेकांशी जुळत नसल्यामुळे त्यासाठी वेगळा गट करता आला नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील वक्षरोगतज्ञांच्या संस्थेने वंशाचा विचार न करणारी सूत्रे वापरावीत, अशी शिफारस केली. या बदलाने काहींना पूर्वी नाकारलेली भरपाई व उपचार मिळू शकतील. त्याच वेळी फुप्फुसे दुर्बल ठरल्यामुळे काहींची शस्त्रक्रिया वा नोकरी नाकारली जाण्याचाही संभव आहे. म्हणून निर्णय एकाच आकड्यावर न घेता लक्षणे, व्यवसाय, क्ष-किरण चित्र व त्याच व्यक्तीची पूर्वीची मापे यांसह घ्यावा, असे तज्ञांचे मत आहे. शाळा, कारखाने व प्राथमिक आरोग्य केंद्रे येथे निरोगी असतानाच माप घेऊन त्याची नोंद ठेवल्यास पुढे प्रत्येक व्यक्तीची तुलना तिच्या स्वतःशी करता येईल. हचिन्सन यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे आजवर सापडलेले सर्वांत निर्दोष उत्तर हेच होय.